कवळीवाल्यांच्या लेकीची मारामारी

कवळीवाले लोकांना दात करून द्यायचे आणि संध्याकाळी स्वतः दातओठ खात गेम खेळायचे. हे वाचून हसू येईल, पण त्यांच्या बायकोला त्या दिवसांत अजिबात हसू येत नव्हतं. सगळी आळी तिला वहिनी म्हणते, तर आपणही वहिनीच म्हणू. वहिनी कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या दुकानात काउंटरवर होत्या. घरी आल्या की पदराला वाफेचा वास, आणि दारातूनच कानावर नवऱ्याचा आवाज: "अरे पळ की, मूर्खा! भिंतीला काय चिकटतोस!"

घराच्या मागच्या खोलीत कवळीवाल्यांचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, बाजूला मेणाचा डबा, गॅसची छोटी बत्ती आणि घासायची मोटर. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे, हे त्यावरून कवळी करायचे. ज्याच्या तोंडात ती जायची तो माणूस यांना कधी भेटायचा नाही. गावातले निम्मे म्हातारे यांच्या दातांनी जेवत होते, पण पाटी डॉक्टरांची, नाव डॉक्टरांचं. कवळी छान बसली तर डॉक्टर हुशार, आणि टोचली तर "लॅबवाल्याने घाण केली". कवळीवाले यावर कधी चिडले नाहीत. कामच तसं, म्हणायचे. पण माणूस म्हणत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही, असं थोडंच असतं?

त्यामुळे झालं काय, की त्यांची एकुलती एक लेक गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली, आणि कंपनीने एक जुना, गाजलेला गुन्हेगारीचा गेम नव्याने बनवायला घेतला, तेव्हा लेकीने फोनवर सहज सांगितलं, "बाबा, गेम संपला की शेवटी सगळ्यांची नावं येतात. माझंही येईल." बस्स. तेवढं या माणसाला पुरलं. लेकीने खेळायचं मशीन पाठवलं, गेम पाठवला, आणि ज्या गृहस्थाने जन्मात पत्त्यांपलीकडे काही खेळलं नव्हतं तो कंट्रोलर हातात घेऊन टीव्हीसमोर ठाण मांडून बसला. नाव बघायचं, आणि तेही फुकट नाही, खेळून, शेवटाला पोचून. कुणीतरी म्हणालं, इंटरनेटवर शेवट नुसता बघताही येतो. कवळीवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

गेमची गोष्ट होती एका कुलूपवाल्याची. बंदरावरच्या गल्लीत किल्ल्या घासणारा साधा माणूस. एक म्हातारा गुंड त्याला तिजोऱ्या उघडायला बोलावतो, हळूहळू मुलासारखा वागवायला लागतो, आणि एक दिवस कुलूपवाल्याला कळतं, की आपल्या मेहुण्याला यानेच मारलं. आता त्या म्हाताऱ्याचं काय करायचं? गोष्ट अशी, की वहिनीसुद्धा भाजी निवडायची परात घेऊन बाजूला येऊन बसायला लागल्या. म्हातारा आजारी पडतो आणि कुलूपवाला त्याच्या उशाशी बसून राहतो, तिथे दोघं नवरा-बायको एकमेकांकडे न बघता डोळे पुसत होते.

पण अधूनमधून मारामारी यायची, आणि तिथे सगळा विचका. कुलूपवाल्याला पळ म्हटलं तर तो भिंतीला चिकटायचा. नेम धरला तर हात थरथरायचे. गुंडाला गोळ्यांवर गोळ्या घातल्या तरी तो आपला उभा, आणि हा एका फटक्यात आडवा. मेला की पुन्हा मागे, आणि पुन्हा तेच आधीचं संभाषण ऐकायचं. कवळीवाल्यांना ते आता पाठ झालं होतं. गुंडाच्या आधी तेच बोलायचे.

आणि रविवारी लेकीचा फोन आला की सुरू. "काय गोष्ट लिहिलीयस गं! लहानपणी जेवताना सांगायचीस तशीच. पण ती मारामारी कुठल्या गाढवाने केलीय? त्याला एकदा माझ्यासमोर आण. त्याला म्हणावं, आधी स्वतः खेळून बघ."

लेक म्हणायची, "हो बाबा," आणि विषय बदलायची.

आता खरं काय ते सांगतो. गोष्ट लेकीने लिहिलीच नव्हती. मारामारी तिची होती. ती तसं कधी म्हणालीही नव्हती, बापानेच ठरवून टाकलं होतं, की गोष्टीवेल्हाळ पोर, म्हणजे गोष्टच लिहिणार. आणि नुसतं ठरवून गप्प बसले का? छे! डॉक्टरांना सांगितलं, प्लास्टर आणून देणाऱ्याला सांगितलं, आळीभर करून झालं: माझ्या मुलीने लिहिलेली गोष्ट आहे. डॉक्टरांचा कॉलेजातला मुलगा तोच गेम खेळत होता. त्यानेही निरोप पाठवला, गोष्ट एक नंबर, मारामारी भिकार.

हे सगळं एकट्या वहिनींना ठाऊक होतं. लेकीने त्यांना वेगळा फोन करून सांगितलं होतं. "आई, लोक मला फाडून खातायत. इंटरनेटवर रोज वाचते. गोष्ट सोनं, मारामारी शेण. ऑफिसात कुणी बोलत नाही, पण मला कळतं. नोकरी सोडावी असं चाललंय मनात. बाबांना सांगू नकोस. अनोळखी लोकांनी शिव्या दिल्या तर मी सहन करीन. माझ्या कामाबद्दल बाबांच्या तोंडून तेच ऐकायचं, आणि ते माझं आहे हे त्यांना माहीत असताना, ते नाही जमायचं मला. मग सोडूनच देईन."

 तेव्हापासून वहिनी रविवारी फोनच्या आसपास घुटमळायच्या. नवरा गाढवावर आला की म्हणायच्या, "पुरे हो, तिला जेवायचं असेल." त्याला चिमटाही काढून पाहिला. तो म्हणाला, "चिमटे काय काढतेस? खोटं बोलतोय का मी?" आता याला काय सांगणार, कपाळ!

सगळ्यात कठीण होतं ते शेवटाचं. शेवट आला की नाव येणार, आणि नाव कशाखाली आहे तेही दिसणार. म्हणून कवळीवाले शेवटच्या मारामारीत अडकले, मासे ठेवायच्या थंड गोदामात, तेव्हा घरात एकच माणूस खूश होतं. वहिनी परातीत मान खाली घालून मनातल्या मनात त्या गुंडांना शाबासकी देत होत्या.

अशात लेक रजेवर घरी आली. चेहरा उतरलेला, गळ्याची हाडं वर आलेली. वहिनींनी तिला जवळ घेतलं आणि काही विचारलं नाही. कवळीवाल्यांना मात्र उत्साह आवरेना. "आलीस ते बरं झालं. मी गोदामात अडकलोय. तू बस, मला तेवढं पार करून दे."

"नको बाबा."

"अगं, शेवट बघायचाय मला. तुझा शेवट."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली. शेवटी पोरगी खाली सतरंजीवर बसली आणि तिने कंट्रोलर घेतला.

आणि मेली. कुलूपवाला खोक्याला चिकटला, गुंड मागून आला, संपलं. "बघ!" कवळीवाले मांडीवर थाप मारून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" ती पुन्हा मेली. मग दात आवळून, एकेका खोक्यामागून सरकत, कशीबशी पार झाली. वहिनींना वाटलं, वीज गेली तर किती बरं होईल. वीज काही गेली नाही.

शेवट फार चांगला होता. कुलूपवाल्याला म्हातारा सापडतो, खुर्चीत बसलेला, पळायचं त्राण नसलेला. हा बंदूक बाजूला ठेवतो, बाहेरच्या दाराला कुलूप लावतो, आणि पोलीस येईपर्यंत दोघं आत बसून इकडचं-तिकडचं बोलत राहतात. तेवढंच. 

मग नावं वर सरकायला लागली. "चला, जेवून घेऊ," वहिनी उठल्याच.

"थांब गं."

गोष्ट आणि संवाद, असं आलं. खाली दुसऱ्याच कुणा बाईचं नाव. कवळीवाले पुढे वाकले. "तुझं राहिलं की काय?"

"येईल," लेक टीव्हीकडे बघत म्हणाली.

मग मोठ्या अक्षरांत आलं, मारामारीची रचना, आणि त्याखाली पहिलंच नाव लेकीचं. कवळीवाल्यांनी तिच्या हातातला कंट्रोलर घेऊन नावं थांबवली. एवढं एक बटण त्यांना बरोबर माहीत होतं.



"ते गाढव मीच, बाबा," लेक म्हणाली. "बोला काय बोलायचं ते. जुन्या गेममध्ये तो कुलूपवाला सराईत गुंडासारखा गोळ्या झाडायचा. मला ते पटेना. ज्याने जन्मभर किल्ल्या घासल्या त्याला बंदूक कशी येईल? तो घाबरणार, अडखळणार, भिंतीला धरून राहणार. म्हणून मी त्याला तसा केला. लोकांना नाही आवडला. तुम्हालाही नाही."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. नवऱ्याचं तोंड त्यांना ठाऊक होतं. त्यातून आता काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता.

"त्याचे हात थरथरतात, ते तू केलंस?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"हो."

"तिजोरी उघडताना थरथरत नाहीत. बंदूक धरली की थरथरतात."

"हो."

"मला ते त्या गोष्टवालीचं वाटलं होतं. फार आवडलं होतं मला ते." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "पण तो भिंतीला चिकटतो, ते चुकलंय."

"अहो, आता तरी गप्प बसा!" वहिनींचा आवाज चढला.

पण लेकीने मान वर केली होती. "कुठे चिकटतो?"

"असं विचार ना मला! कवळी टोचते असं सांगत माणूस आला, तर डॉक्टर कवळी फेकून देतो का? तोंड उघडायला लावतो, बघतो, कुठे लागतंय तिथे खूण करतो. मी तेवढंच घासतो. सगळी कवळी वाईट नसते गं. तुझा कुलूपवाला घाबरू दे, पण मी पळ म्हटलं तर घाबरत का होईना, पळू दे की. इथे बघ." आणि त्यांनी गोदाम पुन्हा सुरू करून दाखवलं: या कोपऱ्यात, या खोक्यापाशी, दार उघडताना. ते सगळ्या ठिकाणी इतक्यांदा मेले होते, की त्यांना शोधावं लागलं नाही. लेक गुडघ्यांवर सरकत टीव्हीच्या जवळ गेली. "पुन्हा करा, अजून दुरुस्ती करून पाठवता येते," म्हणाली. "आणि इथे?"

मध्येच कवळीवाल्यांनी हातातलं खाली ठेवलं. "इतके रविवार मी तुला गाढव म्हणत होतो. तू ऐकून घेत होतीस. मला फार वाईट वाटतंय बाळा." लेकीने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मग ती रडली, जशी खूप दिवसांत रडली नव्हती.

वहिनी पाणी आणायला आत गेल्या. परत येऊन बघतात तर कवळीवाल्यांच्या कानाला फोन. पलीकडे डॉक्टर होते.

"डॉक्टर, एक चूक झाली होती माझी, तेवढी सांगायचीय. गोष्ट माझ्या मुलीची नाही. दुसऱ्या एका बाईंनी लिहिलीय, छान लिहिलीय. माझ्या मुलीची ती मारामारी. हो हो, तीच, जिला तुमचा मुलगा भिकार म्हणतो. माझ्या मुलीने केलीय ती, नाव आलंय तिचं, पहिलं. त्याला फोन द्या बघू. त्याला म्हणावं, नुसत्या शिव्या देऊ नकोस, कुठे कुठे अडतं ते नीट सांग. ती इथेच बसलीय."

आणि त्यांनी फोन लेकीच्या हातात दिला.