एबो क्वान्साची पाहुण्यांची यादी

सेकोंडीच्या आमच्या नाट्यगृहात एबो क्वान्सा तिकीटखिडकी सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात संगणकावर पर्ल या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहायचा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारा माणूस.

जुन्या कलावंतांच्या सत्कारासाठी त्यानं दारात संगणक मांडला. पाहुण्यानं नाव टाइप करून एंटर दाबायचं. यादीत सापडलं की खुर्चीचा क्रमांक उमटणार. एंटर दाबताच नावामागे एक न दिसणारी खूण चिकटते. ती झटकायची आज्ञा त्यानं दिलेली होती.

सत्कार समितीच्या कचेरीतून यादी आली ती ऐन कार्यक्रमादिवशी.

"मास्टर, ही दुसऱ्या यंत्रावर टाइप केलीय. साठही नावं तपासतो," एबो मला म्हणाला.

"अरे बाबा, पाहुणे यायची वेळ झाली! माझं तेवढं टाकून बघ."

टाकलं. खुर्ची साठ. नम्रपणे मीच माझं नाव शेवटी घालायला लावलं होतं.

"झालं समाधान? पळ, दिवे बघ!" मी त्याला पिटाळलंच आणि स्वतः रंगमंचामागे गेलो.

सगळ्यांआधी आली आंटी आरबा. वीस वर्षं ती नायिका, मी विदूषक. नवरा गेल्यापासून तिनं गाणं सोडलं होतं. आज गाणार होती. तिनं नाव टाइप केलं. 'नाव नाही.' पुन्हा केलं. पुन्हा तेच.

समितीचा नवखा दारवान म्हणाला, "यादीतच नाही, तर मी काय करू, आंटी?"

"काही करू नकोस. यांच्या लेखी मी मेलेच!" ती समोर उभ्या ट्रोट्रोत, भाड्याच्या मिनीबसमध्ये, चढून निघून गेली.

पुढचे दोघेही अडले, तेव्हा एबो धावत आला. कचेरीच्या यंत्रानं प्रत्येक ओळीमागे दोन खुणा ठेवल्या होत्या. प्रोग्रॅमनं एक झटकली, दुसरी नावाला चिकटून राहिली. म्हणून एकही नाव जुळेना. यादी टाइप करताना माझ्या शेवटच्या नावानंतर कोणी एंटर दाबलंच नव्हतं, म्हणून तेवढंच जुळलं. एबोनं एक ओळ बदलली आणि दार सुरळीत चालू झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आंटीकडे गेलो. बंद दाराआडून आवाज आला, "कोण? यादीत नाव आहे का तुमचं?"

"चूक माझी, आंटी. मी तपासलं नाही," एबो म्हणाला.

शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा मी, तिथं 'घाई मी केली' एवढंही म्हणालो नाही. दार उघडलं नाही. नाताळाआधी आंटी गेली, न गाताच.

त्या दिवशी आंटीच्या दारातून परतताना एबोनं माझा हात धरला. "मास्टर, पायऱ्या जपून," एवढंच म्हणाला.