शॉकअपचं माप

परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, दिवाळीच्या फोटोत आजोबांची मोटरसायकल मागून एवढी उंच का दिसते? रेसच्या गाडीसारखी?" मी "नवीन शॉकअप बसवलेत" एवढंच म्हणाले आणि विषय बदलला. तुमचे बाबा शेजारी बसलेले दिसत होते. खरं उत्तर लांब आहे, म्हणून लिहून पाठवते.

ही गाडी तुमचे बाबा दहावीत असताना घेतलेली. तुम्ही दोघं लहानपणी तिच्या टाकीवर बसून हॉर्न वाजवायचात, ती हीच. आजोबा अजून तिच्यावरूनच लिंबाच्या बागेत जातात. राहुरीतल्या आपल्या घरापासून सहा किलोमीटर, अर्धा रस्ता कॅनॉलच्या कडेने. मी मागे बसते. मला बागेत काही काम नसतं, पण त्यांना एकटं सोडायचं नाही असं मी ठरवून टाकलं आहे.

त्याचं कारण डॉक्टर. छातीत दुखल्यापासून आजोबांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत. डॉक्टर त्यांच्याशी हसून बोलले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना पडू देऊ नका. साधं पडणंसुद्धा नको. डोक्याला मार बसला तर बाहेर काही दिसायचं नाही, आत रक्त साचत राहील." त्या दिवसापासून घरातल्या वस्तू मला वेगळ्याच दिसायला लागल्या. बाथरूममधला नळ, ओट्याचा कोपरा, तुळशीजवळची दगडी पायरी. कुठे कुठे डोकं आपटू शकतं, तेवढंच दिसायचं.

तुमचे बाबा म्हणाले, गाडी विका. मी तेच आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी गेली की बाग गेली. मग मी या खुर्चीतून उठतो कशाला?" मला या बोलण्याचीही तितकीच भीती वाटली. त्यामुळे गाडी राहिली. हेल्मेट मात्र मी सक्तीचं केलं. ते हायवेवर घालतात, आणि कॅनॉलच्या रस्त्याला लागलं की उकडतंय म्हणून आरशाला अडकवतात. हे आमचं रोजचं भांडण.

दसऱ्याच्या सुमारास गाडीचे मागचे शॉकअप गेले. शॉकअप म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे स्प्रिंगवाले दांडे, ज्यांच्यामुळे खड्ड्याचा धक्का आपल्यापर्यंत पोचत नाही. त्यांतून तेल गळत होतं. कॅनॉलवर एका खड्ड्यात गाडीचा मागचा भाग उसळला, डावीकडे उजवीकडे झोके खाऊ लागला, आणि मी सीटवरून वीतभर वर गेले. खाली पाणी भरून चाललं होतं. आजोबा म्हणाले, "काही नाही, काही नाही." त्यांचा आवाज मात्र कोरडा झाला होता.

मेकॅनिक आमच्या ओळखीचा, बसस्टँडमागे त्याचं गॅरेज. त्याने बघितलं आणि मान हलवली. "आजी, ह्ये तेल भरून चालायचं न्हाई. आन् ह्या गाडीचं वरिजनल आता येत बी न्हाई. नगरला मिळंल दुसऱ्या गाडीचं, पन लांबी सारखी पायजे. येक जुनं खोलून देतो, संगं घेऊन जा."

त्याने खोललेला तो दांडा काळ्या तेलाने माखलेला होता. मी एसटीने जाणार, दातांच्या डॉक्टरांचंही काम होतं, हातात माझी चांगली पिशवी. ती वस्तू मी त्यात घालणार नव्हते. मी वर्तमानपत्रावर तो दांडा आडवा ठेवला, शिलाईच्या टेपने या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला, पुन्हा मोजला, आणि चिठ्ठीवर सेंटिमीटर आणि इंच दोन्हींत लिहून घेतलं. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवलं की अंदाजे बोलू नका, मोजून बोला.

नगरच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने तीन-चार जोड्या मांडल्या. लाल स्प्रिंगचे, पिवळ्या स्प्रिंगचे, आत गॅस भरलेले.

"डबल सीट असता का आजी?"

"नेहमी. मी मागे असते."

"मग गॅसचे घ्या. लाल देऊ का? आजोबा एकदम तरुण दिसतील."

"मला तरुण नकोत, जिवंत हवेत," मी म्हणाले. तो हसला. मी हसले नाही.

मग त्याने विचारलं, "लांबी किती?" मी चिठ्ठी पुढे केली. "अरे वा, लिहूनच आणलंय," म्हणत त्याने मापाची जोडी काढली. काळ्या स्प्रिंगची, गॅसची, दोन माणसांच्या वजनाची. परतीच्या एसटीत ते खोकं मी मांडीवर धरून बसले होते. किती तरी दिवसांनी छाती हलकी वाटत होती.

बसवताना मेकॅनिक जरा थांबला. "उच्च वाटतंय वो थोडं. जुन्याला लावून बगितलं व्हतं का?"

आजोबा लगेच म्हणाले, "हिनं मोजलंय. ही दोनदा मोजते."

"मग ऱ्हाऊ द्या. बसंल खाली हळूहळू."

धक्के खरंच थांबले. कॅनॉलवरचे खड्डे जाणवेनासे झाले. दिवाळीचा तो फोटो याच दिवसांतला. पण नंतर काही गोष्टी माझ्या लक्षात यायला लागल्या. जन्मभर चपलेवर गाडी चालवणारा माणूस बूट घालायला लागला. थांबायचं झालं की मोकळ्या सपाट जागी थांबेना. दुभाजकाला, मोरीच्या कठड्याला, मैलाच्या दगडाला गाडी नेऊन भिडवायची आणि एक पाय त्यावर ठेवायचा. मी विचारलं, "असं का थांबता?" "तुला उतरायला सोपं," म्हणाले. मी विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

मग साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या. त्या सकाळी बागेतून परतताना आम्ही कॅनॉलच्या रस्त्यावरून हायवेला वळणाच्या बेतात होतो आणि उजवीकडून एक ट्रॅक्टर अचानक आत घुसला. आजोबांनी रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबला. तिथे ना दुभाजक, ना कठडा. हेल्मेट आरशाला लटकलेलं.

गाडी उजवीकडे कलायला लागली. मी साडीमुळे एका अंगाने बसते, माझे दोन्ही पाय डावीकडे. उजवीकडे माझा काहीच उपयोग नव्हता. त्यांचा बूट हवेत जमीन शोधत होता, फक्त पुढचं टोक घासत होतं. मागच्या ट्रॉलीचं चाक आमच्याकडे येताना दिसत होतं, उसाचे शेंडे त्यांच्या कानापाशी. मला डॉक्टरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

रस्त्याच्या कडेने ऊसतोडीची एक बाई डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन चालली होती, जनावरांना घालतात ते उसाचे हिरवे शेंडे. तिने भारा तसाच फेकला, धावत येऊन गाडीला उजव्या बाजूने खांदा लावला आणि ओरडली, "आवो बाबा, पाय टेकवा की!"

आजोबा म्हणाले, "टेकत नाहीत, बाई."

ट्रॉली तिच्या पाठीमागून हातभर अंतरावरून निघून गेली. मी उतरले. बाईने गाडी सरळ धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशे, येवढी उच्ची गाडी कशापायी दिली म्हाताऱ्याला?" तिचा भारा पुन्हा डोक्यावर चढवायला मी हात दिला.

आम्ही गाडी ढकलत गॅरेजवर आणली. मेकॅनिकने जुना दांडा नव्याशेजारी उभा केला. नवा दोन-अडीच सेंटिमीटर लांब. मी म्हणाले, "मी टोकापासून टोकापर्यंत मोजलं होतं."

"टोकापासनं न्हाई मोजायचं, आजी. वरच्या भोकाच्या मध्यापासनं खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत. बोल्ट तितं बसतो न्हवं का." त्याने बोटाने दाखवलं. कोणत्याही पोराला कळलं असतं. ते कळायची गरजच पडू नये म्हणून तर तो दांडा माझ्याजवळ देत होता.

घरी आल्यावर आजोबांचे बूट मी उलटे केले. आतून रबराचे दोन तुकडे पडले, जुन्या स्लिपरचे कापलेले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तू एवढं नीट लिहून नेलं होतंस," ते म्हणाले. "म्हटलं, मीच आखडलो असेन."

मला रडू आलं नाही. भीतीच वाढली. ट्रॅक्टरची, खड्ड्यांची भीती मला आधीपासून होती. पण हा माणूस माझं माप चुकलं असं म्हणण्याऐवजी रोज अधांतरी गाडीवर बसत होता, आणि मी मागे निर्धास्त होते, हे डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी तो तेलकट दांडा त्याच चांगल्या पिशवीत घातला आणि नगरला नेला. साडीला डाग पडला, अजून गेलेला नाही. दुकानदार आधी कुरकुरला, मग जोडी बदलून दिली. यावेळी मी चिठ्ठी काढलीच नाही. जुना आणि नवा काउंटरवर शेजारी शेजारी उभे केले आणि दोन्हींच्या भोकांतून त्याला पेन्सिल घालून दाखवायला लावली.

नवीन जोडी बसल्यावर गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर मी आजोबांना चपला काढून गाडीवर बसवलं. मी वाकून बघितलं. दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या होत्या. मेकॅनिक म्हणाला, "आजी, आता तरी हसा."

तुमच्या बाबांनाही हे वाचून दाखवा. ते रागावतील, रागावू देत. हेल्मेट आता कॅनॉलवरही डोक्यावर असतं. गाडी मी अजून विकायला लावलेली नाही; लावावी का, हे मला रोज सकाळी नव्याने ठरवावं लागतं. गाडी थांबली की मी मागून विचारते, "टेकले?" ते म्हणतात, "टेकले." तरी मी वाकून बघते.