वहिनीची अर्धी वाक्यं

माझा भाऊ शुभंकर संगणक कंपनीतल्या नोकरीसाठी एक्क्याण्णव साली पुण्याहून बंगळूरला आला. वडील गेल्यावर आई आणि मी त्याच्याकडेच राहायला आलो, राजाजीनगरात. दोन वर्षांनी त्याचं लग्न तिथल्याच एका मराठी घरात ठरलं. चामराजपेठेतल्या भीमाचार्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं. घरात मराठीच, पण त्यात कानडी भरपूर मिसळलेली. आणि त्या घरातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखं बोलायच्या. मी येतो, मी करतो, मी गेलो होतो. कोल्हापूर-बेळगावकडे बायका असं बोलतात हे आम्ही ऐकून होतो, पण आमच्या घरात तसं बोलणारं कुणी आलेलं नव्हतं.

कौशल्या तिचं नाव. लग्नाआधी चार वर्षांपासून ती पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात तपासणीला होती. पंपाचे पितळी बुश तयार होऊन आले की ते मायक्रोमीटरनं मोजायचे, आणि मापात नसतील तर परत पाठवायचे. लग्नानंतर एकदा ती डबा विसरली म्हणून मी तो घेऊन तिकडे गेले होते. एक आडदांड टर्नर तिच्या टेबलाशी उभा राहून कानडीत हुज्जत घालत होता. केसभर फरकानं काय बिघडतं, असं काहीसं. तिनं तो तुकडा त्याच्या ट्रेमध्ये परत ठेवला आणि तीन-चार शब्द बोलली. तो ‘सरी अक्का’, म्हणजे बरं ताई, म्हणत ट्रे उचलून गेला. तिची पाळी संपल्यावर दोघी परत येताना बसमध्ये तिनं मला सांगितलं की कानडीत बाईला आणि पुरुषाला ‘मी’पुढे वेगळं क्रियापद लागत नाही. येतो असो की येते, दोघंही ‘बर्तीनि’च म्हणतात.

घरी मात्र पहिल्याच सकाळी ती आईला म्हणाली, “मी चहा करतो.” मला हसू फुटलं. आई हसली नाही.

“करते म्हणावं,” ती म्हणाली. “बाईमाणूस आहेस तू.”

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. वहिनी काही बोलली की आई स्वयंपाकघरातून शेवटचा शब्द दुरुस्त करून परत म्हणायची. शुभंकरचे ऑफिसातले मित्र आले की तो सांगायचा, आमच्या घरात दोन पुरुष आहेत. वहिनी तेव्हा पोह्यांच्या बश्या देत असायची. मीही त्यांच्याबरोबर हसले आहे, एकदा नाही, अनेकदा.

सहा महिन्यांत वहिनीचं बोलणं बदललं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि तिला धाक क्रियापदाचाच. ती वाक्य सुरू करायची आणि शेवटाशी आली की थांबायची. “मी आज पीण्याहून जरा उशिरा...” आणि पुढे काही नाही. पुढे पुढे तिनं ‘मी’च टाळला. चहा झालाय. कपडे वाळत घातलेत. भाजी आणायची आहे. तिच्या बोलण्यातून घरात कामं कळायची, ती कोण करतंय ते कळायचं नाही. दीडेक वर्षानं ती एकदम शुद्ध बोलायला लागली, पण सावकाश, प्रत्येक शब्द पारखून घेतल्यासारखी.

पंच्याण्णवमध्ये आर्या झाली. सहा महिन्यांनी वहिनी कामावर परत गेली, आणि आर्या दिवसभर चामराजपेठेत अंबुबाईंकडे, म्हणजे वहिनीच्या आईकडे राहू लागली. दोन वर्षांची झाली तेव्हा एका संध्याकाळी ती माझ्या आईला म्हणाली, “मी खेळायला जातो.” आई त्या रात्री जेवली नाही.

रविवारी शुभंकरनं विषय काढला. मुलगी मुलासारखी बोलते, उद्या शाळेत हसतील, तिला घरीच ठेवायला हवं. त्याच आठवड्यात कारखान्याचे मालक जयतीर्थ यांनी वहिनीला तपासणी विभागाची प्रमुख होशील का म्हणून विचारलं होतं. तिनं ते आम्हाला सांगितलं आणि म्हणाली, “मी नोकरी सोडणार नाही.”

वाक्य पुरं होतं. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती.

आई म्हणाली, “शब्द सुधारलेस, पण बोलणं पुरुषाचंच राहिलं तुझं.”

शुभंकरनं वर्तमानपत्राची घडी घातली आणि सांगितलं की त्यानं जयतीर्थांना कालच फोन केलाय. पुढच्या महिन्यापासून ती येणार नाही असं कळवलंय.

“माझ्या वतीनं सांगितलंत?” वहिनीनं विचारलं.

“तुझ्या वतीनं कशाला? मी सांगितलं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या लग्नाची बोलणी तेव्हा चालू होती आणि सगळं भावाच्या हातात होतं. मी आर्याच्या फ्रॉकची बटणं लावत बसले.

अठ्ठ्याण्णवमध्ये वहिनीचे वडील भीमाचार्य गेले. वहिनीबरोबर मी चामराजपेठेत गेले. तिनं दारातच अंबुबाईंना मिठी मारली आणि रडत म्हणाली, “कळल्याबरोबर मी निघाले.” अंबुबाईंनी रडता रडता तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग जमलेल्या बायकांकडे वळून त्या म्हणाल्या, “हिचं बोलणं आता पुण्याचं झालं.” त्यात राग नव्हता. वहिनी “निघालो” म्हणायला गेली, तर ते तिच्या तोंडून इतकं उसनं वाटलं की एक पोरगी फिसकन हसली. पुढचे दहा दिवस ती त्या घरात होती. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायची.

मी लग्न होऊन नाशिकला गेले. नव्याण्णवमध्ये माहेरपणाला आले तेव्हा आर्या शाळेत जायला लागली होती. एका दुपारी घरी न सांगता वहिनी मला घेऊन पीण्याला गेली. तिच्या टेबलावर एक डिप्लोमावाला तरुण बसला होता. जयतीर्थांनी कॉफी मागवली, मुलीची चौकशी केली. खालच्या जागेवर घेता येईल म्हणाले. फक्त यजमानांची चिठ्ठी आण, मागच्यासारखा घोटाळा नको.

ती चिठ्ठी तिनं मागितली नाही. मीही शुभंकरकडे विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. तिचं सगळं अंथरुणात, आणि ते सगळं वहिनीच करते. आईची वाचा तेवढी शाबूत राहिली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, सून अशी मिळायला भाग्य लागतं, घरात तिचा आवाजसुद्धा येत नाही. वहिनी तेव्हा शेजारीच उभी असते, हातात पाण्याचं भांडं घेऊन.