अभ्यासाची रजा आणि शहाळी

आमच्या कार्यालयात परीक्षा जवळ आली की माणसाला कावीळ होते. ओळखीचा डॉक्टर दाखला देतो, माणूस घरी बसून वाचतो आणि आम्ही वर्गणी काढून शहाळी घेऊन त्याला भेटायला जातो. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही शहाळी न्यायचीच, अशी पद्धत आहे.

मी येरवड्याच्या एका सरकारी कार्यालयात आहे. काम अडचणीतल्या मुलांचं. चाळिशी उलटल्यावर मला समुपदेशन रीतसर शिकावंसं वाटलं. कर्वेनगरच्या एका कॉलेजात वर्षभराच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्रवेशही मिळाला. रजेच्या नियमांत अध्ययन रजा स्पष्ट लिहिलेली होती. अर्ज घेऊन हेडक्लार्कांकडे गेले.

"मॅडम, ही रजा पुस्तकात असते," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "माणसं कावीळ घेतात."

"वर्षभर?"

"आधी कावीळ, मग टायफॉइड, मग कंबर. वर्ष सहज निघतं."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. अर्ज नामंजूर झाला असता तर प्रवेशही गेला असता. पण घरी वडील होते.

वडील हडपसरच्या एका कारखान्यात कामगार होते. नोकरी करता करता त्यांनी बाहेरून बी.ए. केलं, तेही कावीळ घेऊनच. कारखान्यातले लोक भेटायला आले तेव्हा ते चादर ओढून पडले होते आणि चादरीखाली अर्थशास्त्राचं पुस्तक होतं. "बाबांना बरं नाही" असं मी पढवल्याप्रमाणे सांगितलं. लोक गेल्यावर त्यांनी शहाळी आम्हा मुलांपुढे सरकवली. "तुम्ही प्या. माझ्या घशाखाली नाही उतरायचं." पुढे कुणाच्याही घरी, कुठल्याही कारणानं शहाळं समोर आलं, तरी त्यांनी कधी घेतलं नाही.

मी कावीळ-टायफॉइडचा बेत सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "आजारी पडून शिकायचं असेल, तर नको शिकूस."

मला राग आला. यांचं काय जातंय म्हणायला! तरीही खराच अर्ज दिला. फाइल वर गेली, शेरा घेऊन खाली आली, पुन्हा वर गेली. कॉलेजची मुदत जवळ येत होती आणि माझी झोप उडाली होती. अखेर मंजुरीचा आदेश आला. हेडक्लार्कांनी तो स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला. "घ्या. चांगली कावीळ वाया घालवलीत."

कॉलेज सुरू झाल्यानंतरच्या एका रविवारी बेल वाजली. दारात हेडक्लार्क आणि ऑफिसातल्या दोघी. हातात शहाळ्यांची पिशवी, चेहरे पडलेले. मी केसांत पेन्सिल खोचून उभी.

"कसं वाटतंय आता?" हेडक्लार्कांनी इतक्या हळू विचारलं की मीच घाबरले.

दोघींपैकी एकीनं माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले. "आम्हाला तरी सांगायचंत. एवढी लांब रजा, आणि कारण काय, तर अभ्यास! आम्ही काय इतके खुळे आहोत?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे अभ्यास आजाराच्या नावाखाली लपवतात. तेव्हा हिनं अभ्यासाच्या नावाखाली काहीतरी भयंकर दुखणं लपवलंय, असा सगळ्यांचा समज झाला होता. मला हसू आवरेना. माझ्या हसण्यानं तिला आणखीच रडू फुटलं.

तेवढ्यात वडील आतून बाहेर आले. "तिला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले, शेजारच्या ब्लॉकमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "ती शिकतेय. रजा घेऊन शिकतेय."

हेडक्लार्क माझ्या टेबलापाशी गेले. पुस्तकं उलटीपालटी केली, माझ्या टिपणांचा कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आता ही शहाळी परत न्यायची?"

"नाही नाही, थांबा," वडील म्हणाले आणि स्वयंपाकघरातून कोयता घेऊन आले.

सगळ्यांची शहाळी त्यांनीच फोडली. शेवटचं स्वतःसाठी घेतलं आणि उभ्यानंच, घटाघटा, एका दमात संपवलं. मग माझ्याकडे चमचा मागितला आणि खुर्चीत बसून आतली मलईसुद्धा खरवडून खाल्ली.