प्रार्थनेचे विषय

देवळाली कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते. रीत अशी की आधी शेजारच्याला विचारायचं, "तुमचा विषय काय?" आणि मग त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. मी रिटायर्ड शिक्षिका, इतकी वर्षं विचारतेय, किश्शांचं नुसतं गाठोडं झालंय! ऐकणारं मात्र कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. बसा.

*

सायखेड्याहून येणाऱ्या मार्थामावशींचा विषय कायम एकच, सून. एकदा मी प्रार्थना केली, "प्रभू, सुनेला सुबुद्धी दे आणि सासूलाही."

मावशींनी खाडकन डोळे उघडले. "ओ बाई, म्या माझं नाय सांगितलं, तिचं सांगितलं!"

*

रिटायर्ड सुभेदारकाका प्रार्थनाही रिपोर्ट दिल्यासारखी करत. एकदा नवे पाहुणे आले होते. काका गरजले, "प्रभू, तुझं सामर्थ्य प्रकट कर!" आणि तिकडे लष्कराच्या तोफांच्या सरावात नेमका तेव्हाच धडाम आवाज! खिडक्या थरथरल्या, पाहुणे बाकाखाली!

काका डोळे मिटूनच म्हणाले, "थँक यू, प्रभू. पुढचा विषय."

*

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला आणि लोक घरी बसूनच 'आमेन' पाठवू लागले. एकाने तर मी विषय टाकायच्या आतच 'आमेन' टाकलं. मी लिहिलं, "अरे बाबा, अजून मागितलंय कुठे?"

त्यालाही आमेन!

*

मावशींना गुडघ्यांमुळे बस झेपेना. काका मुलाकडे बंगळुरूला गेले. राहिले मी. माझ्याकडच्या किल्लीने चर्च उघडायचं, पंखा लावायचा, एक गीत म्हणायचं, आपलाच आवाज ऐकायचा. मिस्टर गेल्यापासून हा बुधवारच माझा आधार, खोटं कशाला बोलू? पण कधी कधी इतकं एकटं वाटायचं की भिंतीवरच्या पालीला विषय विचारावासा वाटे.

*

गेल्या महिन्यात अचानक पाळकसाहेब आले. रविवारी तासभर उपदेश करणारा माणूस, बुधवारी कधी फिरकायचा नाही. म्हणाले, "बाई, एका माणसासाठी चर्च कशाला उघडायचं? बुधवार आता बंद करू. किल्ली द्या."

मी म्हटलं, "देते. पण आलाच आहात तर आजची सभा पुरी करू. बसा. तुमचा विषय काय?"

ते हसले. "माझा? अहो, मीच सगळ्यांसाठी प्रार्थना करतो."

"ते ठाऊक आहे. विषय सांगा."

साहेब बसले. मग चष्मा काढून म्हणाले, "रविवारी वर उभा राहून बोलतो ना बाई, तेव्हा माझ्या आत काहीच हलत नाही. कितीतरी दिवस झाले. कोणाला सांगू?"

मी प्रार्थना केली, साधीच. आमेन झालं तरी ते उठेनात. मी पर्समधून किल्ली काढून पुढे धरली.

त्यांनी ती घेतली नाही. खाली बघत विचारलं, "बुधवारची सभा किती वाजता असते?"