चामडं तुमचं, हाडं आमची

बाई वर्गात आल्या की टेबलावर आधी कमची ठेवत, मग पर्स, मग हजेरी. बांबूची, तेल पाजलेली कमची. ती टेबलावर टेकली की भिंतीपलीकडे मी शिकवत असे त्या वर्गातल्या पोरीसुद्धा ताठ बसायच्या. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतीलच.

"हात काढ," त्या म्हणत. सपकन आवाज येई. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं की म्हणत, "रडून घे आधी. मंग गणित करू." आणि खरोखर थांबत. रडणं आटोपलं की तिच्याच बाकावर टेकून तेच गणित तीनतीनदा समजावत. मार आणि माया त्यांच्याकडे एकाच तासात मिळे.

मोहाडी तालुक्यातली आमची मुलींची शाळा. आजूबाजूची गावं धानाची. पोरीला शाळेत घालताना बाप एकच वाक्य म्हणायचा, "बाई, चामडं तुमचं, हाडं आमची." म्हणजे मारा खुशाल, फक्त हाडं तेवढी शाबूत ठेवा. बाई मान डोलवत. दहावीचा निकाल चांगला लागे, त्यामुळे मुख्याध्यापकही मान डोलवत.

मी स्वतः कधी मारत नसे, याचा मला मोठा अभिमान होता. पोरगी ऐकेनाशी झाली की मी तिला फक्त बाईंच्या वर्गात पाठवत असे.

कमचीनंतर बाईंचा भरवसा होता चिठ्ठीवर. अभ्यासात मागे पडलेल्या पोरीच्या घरी त्या स्वतःच्या सुबक अक्षरात चिठ्ठी पाठवत. एका वर्षी आठवीतली एक हुशार पोरगी चाचणीत नापास झाली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "पंधरा दिवस गैरहजर. गणितात नापास. लक्ष द्यावे."

ते पंधरा दिवस पोरगी घरच्याच रोवण्यात होती. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावत होती. बापानेच नेली होती. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. दरवर्षी रोवण्यात अर्धा वर्ग ओस पडतो, आणि बाई दरवर्षी चिठ्ठ्या पाठवत.

बापाने लक्ष दिलं. बैल हाकायच्या तुतारीने दिलं. पोरीचा उजवा हात कोपराखाली मोडला, कानशील फुटलं, पाठीवर वळ उठले. तीन दिवस ती शाळेत आली नाही, तेव्हा बाई तिच्या घरी निघाल्या आणि मलाही सोबत घेऊन गेल्या.

पोरगी ओसरीवर पडून होती. हाताला फडकं बांधलेलं, डोळा सुजून मिटलेला. तुतारी भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी एकदा पोरीकडे पाहिलं, तुतारी उचलली आणि बापावर उगारली.

बाप मागे सरला नाही. त्याने खिशातून चिठ्ठी काढून पुढे धरली. "तुमीच त लेहलं होतं, बाई. मारा न मले. पोरीयले मारता तसंच मारा."

बाईंचा हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला.

पोरीला दवाखान्यात पोहोचवून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार बापाचं नाव विचारू लागला. बाई म्हणाल्या, "त्याचंबी लिवा. पन आधी माह्यं लिवा." आणि किती वर्षं, कशाने, कुठे कुठे मारलं, ते सांगू लागल्या. हवालदाराचं पेन थांबलं. मी त्यांचा पदर ओढत होते, नोकरी जाईल म्हणून. त्यांनी पदर सोडवून घेतला.

संस्थेने त्यांना घरी बसवायचं ठरवलं. पोरगी मामाकडे राहून शाळेत येऊ लागली, हात प्लास्टरमध्ये.

शेवटच्या दिवशी बाई वर्गात आल्या. कमची टेबलावर ठेवली आणि त्या पोरीला पुढे बोलावलं. तिच्या डाव्या हातात कमची दिली आणि स्वतःचा तळहात पुढे केला. "मार," त्या म्हणाल्या.

मी दारात उभी होते. मला वाटलं, पोरगी रडेल, बाईंच्या पाया पडेल. तसं काही झालं नाही. तिने मारलं. डाव्या हाताने, दात आवळून, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या फटक्याला कातडी फुटून रक्त आलं. बाईंनी हात मागे घेतला नाही. मग कमची पोरीच्या हातून गळून पडली आणि ती हमसून हमसून रडू लागली.

"रडून घे आधी," बाई म्हणाल्या. "मंग गणित करू."

आणि त्यांनी गणित घेतलं. रोवण्यात बुडालेलं, पहिल्यापासून. खडूला रक्त लागत होतं, ते पदराने पुसत घंटा होईपर्यंत शिकवलं.

बाई शाळा सोडून गेल्या. त्यांचा वर्ग आता माझ्याकडे आहे, रोवण्यात बुडालेला अभ्यास आम्ही दिवाळीपर्यंत भरून काढतो. चिठ्ठ्या बंद आहेत, कमचीही नाही. चांगलंच आहे. पण त्या दिवशी तास संपल्यावर ती पोरगी दारातून बाहेर पडताना माझ्यापाशी क्षणभर थांबली होती. सातवीत माझ्या वर्गात असताना तिला बाईंकडे कितीदा तरी मीच पाठवलं होतं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले.