ट्रक येऊ दे

वारंगा फाट्यावर शेगड्या दुरुस्त करणारे एक काका बसतात. नाव विचारायचं राहूनच गेलं, पण त्यांची तऱ्हा ऐका! दुरुस्त केलेली शेगडी ते रोडच्या कडेला पेटवून ठेवतात आन् ट्रकची वाट बघतात. ट्रकच्या वाऱ्यात जाळ टिकला तरच ती गिऱ्हाइकाला देतात.

मी माझा ट्रेकिंगचा छोटा गॅस स्टोव्ह घेऊन गेलो होतो. मी तो घरातच पेटवून बघितला होता. डोंगरावर वाऱ्यानं सारखा विझला, दोस्तांनी कच्ची खिचडी खाल्ली आन् म्हणाले, "आता तुझ्यासंग येणार न्हाई."

मी विचारलं, "काका, हा इकून रॉकेलचा घेऊ का?"

"रॉकेल आता भेटतंय कुठं? काहून चांगल्या शेगडीला नावं ठेवून राहिला?" काकांनी स्टोव्ह पेटवला आन् कान जवळ नेऊन जाळ ऐकला. "गॅस बराबर येऊन राहिला. आडोसा तेवढा न्हाई."

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी तीन बाजूंनी आडोसा केला, चौथी उघडी सोडली. "समदं झाकू नको, गॅसची डबी तापून फुटन."

"झालं ना, काका?"

"ट्रक येऊ दे की, लेकरा!"

मी मोबाईल धरून उभा राहिलो. मोठ्ठा ट्रक धाडधाड गेला, काकांची टोपी उडाली. जाळ वाकला, थरथरला आन् परत उभा राहिला!

आधी व्हिडिओ दोस्तांच्या ग्रुपवर टाकला, मग टोपीमागं पळालो. टोपी घेऊन आलो तोवर एकाचा रिप्लाय आला होता: "खिचडीत शेंगदाणे जास्त टाक."